बागेतल्या शेडखाली नुसत्या फरश्या टाकून चालेल का?

८ बाय ६ फुटांची लाकडी शेड, आत फक्त अवजारं, मग माती सपाट करून फरश्या टाकल्या तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. हाच सल्ला मला माझ्या थोरल्या भावाने दिला होता आणि त्यापायी एकच शेड मी दोनदा उभी केली.

दादाचं म्हणणं, "एवढ्याशा खोलीला कसला पाया? फावड्याने जागा सारखी कर, फरश्या मांड, झालं." मला तेव्हाच वरची माती काढायची होती, पण थोरल्यापुढे बोलणार कोण? वरवर गवत खरवडलं, फरश्या मांडल्या, शेड उभी केली. पहिल्या पावसात दार चौकटीला घासायला लागलं. दादा म्हणाला, लाकूड फुगलंय. रंधा आणून दार तासलं. महिन्याभरात पुन्हा तेच, पुन्हा तासलं. शेवटी दाराच्या वर एका टोकाला बोट जाईल एवढी फट पडली, तरी खालून ते अडकतच होतं.

मग मी आत लेव्हल, म्हणजे सपाटी तपासायची बुडबुड्याची पट्टी, ठेवली. मागचा डावा कोपरा दीड इंच खाली. छपराचं पाणी नेमकं तिथेच पडत होतं. पहारीने फरशी उचलली तर खाली लिबलिबीत माती, त्यात कुजलेली गवताची मुळं. अंगठा दाबला तर निम्मा आत गेला. वरच्या थरातली मुळं, पालापाचोळा कुजतो आणि जागा बसते. लाकडाचा काही दोष नव्हता, चौकटच तिरकी झाली होती.

शेड उतरवली. घट्ट थर लागेपर्यंत, म्हणजे सहा इंच, माती काढली. मुरूम तीन-तीन इंचांच्या दोन थरांत भरला, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुम्मस केलं, म्हणजे जड ठोकणीने ठोकून दाबलं. आवाज मऊ येतोय तोवर ठोकत राहायचं. टणक आवाज आला आणि हाताला झटका बसला की थर बसला. त्यावर प्लास्टिकचा कागद आणि ४ इंच काँक्रीट, १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी). तुमच्या मापाला १६ घनफूट भरेल. दादा दुसऱ्याच दिवशी शेड चढवायला निघाला, "वाळलं की!" काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, सिमेंट-पाण्याच्या रासायनिक क्रियेने होतं. सात दिवस मी त्यावरचं ओलं गोणपाट हलू दिलं नाही.

आखणी करताना कोपरे काटकोनात आहेत का हे बघायला दोन्ही कर्ण मोजा. ८ बाय ६ ला कर्ण बरोबर १० फूट येतो. काँक्रीटचा हा ओटा जमिनीपासून दोन-तीन इंच वर ठेवा, पण शेडपेक्षा मोठा करू नका. बाहेर राहिलेल्या कडेवर पावसाचं पाणी साचून भिंतीखाली शिरतं.

फरश्याच हव्या असतील तर ठोकलेल्या मुरमावर खुशाल टाका, हलक्या शेडला पुरतं. माझा विरोध मातीवर टाकण्याला आहे. आणि काळी माती असेल तर सहा इंचांवर थांबू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिथे जास्त खोल काढून मुरूम भरावा लागतो.

आणि शेड उभी केल्यावर कधी दार घासायला लागलं, तर कोणी कितीही सांगो, रंध्याला हात लावायच्या आधी चारही कोपऱ्यांत लेव्हल ठेवून बघा.