यादीतून गळलेल्या नावांबद्दल

प्रिय मुली,
सलाम.

मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, पंच कमिटीवर तुझी निवड झाली, आनंद वाटला. पण पहिल्याच मीटिंगला धान्यवाटपावरून खडाजंगी झाली म्हणतेस. ‘आमच्या गल्लीतल्या विधवांची नावं दरवेळी कशी गळतात?’ असं एका बाईंनी विचारलं आणि सेक्रेटरींनी ‘मंडळीत फूट पाडू नका’ म्हणून त्यांना गप्प केलं. ऐक्य टिकावं म्हणून आपणही गप्प बसावं का, असं तू विचारतेस.

बसू नकोस.

बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’, सहावा अध्याय काढ. यरुशलेमातल्या पहिल्या मंडळीत हीच तक्रार होती. ग्रीक बोलणाऱ्या यहूदी विश्वासणाऱ्यांचं म्हणणं, रोजच्या वाटणीत आमच्या विधवांना डावललं जातं. प्रेषितांनी कुणाला फुटीर ठरवलं नाही. सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि सात माणसं निवडायला सांगितली. ती नावं सावकाश वाच: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही ग्रीक. नावावरून माणसाचं मूळ हुडकायची आपल्याकडची खोड वाईटच, पण इथे ती कामाला येते. ज्यांची कुरकुर होती, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप गेलं. नीकलाव तर अंत्युखिया शहराचा, जन्मानं यहूदीही नव्हे. पुढे तिथे काय लिहिलंय? देवाचं वचन पसरत गेलं, शिष्यांची संख्या वाढली. मंडळी फुटली नाही.

याच अंत्युखियात प्रेषित पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, एका पंगतीला जेवत असे. यरुशलेमाहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं आली तसा तो हळूच बाजूला सरकला. त्याचं पाहून बाकीचे सरकले, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा. प्रेषित पौलानं सगळ्यांदेखत त्याला टोकलं. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे हे. यहूदी-हेल्लेणी (ग्रीक), दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री असा भेदच नाही, हे आपण भिंतीवर रंगवतो ते वचन त्याच पत्रातलं, पुढच्याच अध्यायातलं. आधी जेवणावरचं भांडण, मग ते वचन.

आपल्या नगरकडच्या लोकांना पंगतीचं हे दुखणं समजावून सांगावं लागत नाही. आपल्यातल्या बहुतेकांचे आजे-पणजे महारवाड्यातून नाहीतर मांगवाड्यातून ख्रिस्ताकडे आले. आज प्रभुभोजनाला सगळे एकाच प्याल्यातून घेतात. पण सोयरीक जुळवायची वेळ आली की दबक्या आवाजात ‘मूळचे कुठले?’ होतंच. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चसंस्था मिळून उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली. मोठंच काम ते, मी कमी लेखत नाही. पण सोयरिकीच्या बैठकीपर्यंत ते ऐक्य अजून पोचायचंय, आणि आपल्या पाळकांपैकी फार थोडे यावर उपदेश करतात. वर्गणी देणारी घरं दुखावतील ही भीती असते, दुसरं काय.

आता तुझ्या कामाचं. भावाचा अपराध आधी एकांतात दाखवावा, हे मत्तयाच्या अठराव्या अध्यायातलं सांगून तुला कुणीतरी थांबवेल. ते खरंच आहे, पण दोघांमधल्या अपराधासाठी. चारचौघांत झालेला दुजाभाव चारचौघांतच बोलला पाहिजे. मात्र हातात कागद असू दे. मागच्या वाटपांच्या याद्या माग, कुठली घरं सुटली ते बघ, आणि मगच तोंड उघड. आवाज चढवू नकोस. पुढची यादी करायला त्या बाईंनाच घ्या, असा ठराव मांड. अनुमोदन मिळालं नाही तरी तुझा ठराव मिनिट्समध्ये आला पाहिजे, एवढं बघ.

सेक्रेटरींच्या पत्नीचं ऑपरेशन झालंय असं कानावर आलं. मीटिंगच्या आधी त्यांना भेटून ये, दोन दिवसांचा डबा लागत असेल तर तो तूच पोचव. यादीचा विषय तिथे काढू नकोस.

तुझा,
काका