आमदार व्हायचंय म्हणतेस, तर...

पोरी, अनेक आशीर्वाद.

आमदारकीसाठी कुठल्या पक्षात जाऊ, असं विचारलंयस. पक्षाचं नंतर बघू. २५ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय विधानसभेचा अर्ज भरता येत नाही, म्हणजे तुझ्याकडं वेळ आहे. तो बॅनरवर फोटो छापण्यात घालवू नकोस.

आधी एखाद्या आमदाराच्या ऑफिसात सकाळी जाऊन बस. कुणी विडी कामगार बाई पेन्शनचे कागद घेऊन येते, कुणी बदलीसाठी, कुणी ‘साहेब, फक्त एक फोन लावा’ म्हणत. पीए लेटरपॅडवर ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ एवढं लिहून देतो, माणूस खूश होऊन जातो आणि पत्र फायलीला लागतं. पीएच्या खुर्चीत मी बरीच वर्षं काढली, म्हणून सांगतो. फाईल कुणाच्या टेबलावर, कधीपासून अडकलीय आणि कुठल्या जीआरनं, म्हणजे शासन निर्णयानं, काम होऊ शकतं, हे लिहून कागद कार्यालयात नोंदल्याचा आवक क्रमांक घेतला, तरच कागद हलतो. हे शिकायला निवडून यावं लागत नाही.

दुसरं, तारांकित प्रश्नांच्या, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांच्या, छापील याद्या वाच. प्रश्न ‘हे खरे आहे काय’नं सुरू होतो आणि बहुतेकदा ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’वर थांबतो. प्रश्न कच्चा असला की खातं ‘हे खरे नाही’ लिहितं आणि खालच्या सगळ्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. झालं काम! तारीख, ठिकाण, अहवालाचा महिना पक्का टाकला, तर निदान ‘हे अंशतः खरे आहे’ लिहावं लागतं. त्या ‘अंशतः’लाच धरून सभागृहात उपप्रश्न टाकायचा. मंत्र्यानं तिथं दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा विधिमंडळाच्या आश्वासन समितीत होतो. तिथं कॅमेरे नसतात, म्हणून नव्यांना त्यात रस नसतो.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख शेकापसारख्या (शेतकरी कामगार पक्ष) लहान पक्षातून ११ वेळा निवडून आले, आणि १९७२ व १९९५ ला पडलेही. लोक त्यांच्या एसटी प्रवासाचं कौतुक करतात. मला त्यांचं वर्षानुवर्षं दुष्काळाच्या, पाण्याच्या प्रश्नाला चिकटून राहणं जास्त मोठं वाटतं. सोलापूरचे कम्युनिस्ट नेते आडम मास्तर तीनदाच आमदार झाले. पण त्यांच्या पाठपुराव्यातून कुंभारीच्या रे नगरात उभ्या राहिलेल्या कामगारांच्या १५,००० घरांचं जानेवारी २०२४ मध्ये लोकार्पण झालं, तेव्हा ते आमदार नव्हते.

लग्न, मयत, जत्रा यांना जावंच लागतं. त्यात कुरकुर नको. निवडणुकीच्या खर्चाचं मात्र कागदावर लिहीत नाही, भेटलीस की बोलू.

आता एक काम. उजनी धरण आपल्या सोलापूर जिल्ह्यात असून सोलापूर शहरात नळाला रोज पाणी येत नाही. त्यावर तुझ्या पेठेपुरता एक तारांकित प्रश्न तयार कर, चार भागांत, आणि प्रत्येक भागापुढं पुरावा कुठून मिळाला ते लिही. मला पाठव. ‘प्रश्न उद्भवत नाही’ कुठं लिहिता येतं, ते मी लाल पेनानं दाखवतो.

तुझा,
काका