डीओपीचं काम घेऊन अमेरिकेला येण्याआधी पुण्यात काय उरकावं

तुम्ही विचारलंय, पुण्यात आठ वर्षं डीओपी (मुख्य छायाचित्रणकार) म्हणून काम केल्यावर लॉस एंजेलिसला येऊन दिग्दर्शनात उतरता येईल का. येईल. पण पहिली शॉर्टफिल्म पुण्यातच दिग्दर्शित करा, व्हिसाचं नंतर.

ओ-१ व्हिसा (असामान्य कामगिरी असलेल्या कलावंतांना कामासाठी मिळणारा) स्वतःसाठी स्वतः मागता येत नाही; इथला निर्माता किंवा एजंट आय-१२९ अर्ज भरतो. सोबत कामगार संघटनेचं आणि निर्मात्यांच्या संघटनेचं अशी दोन सल्लापत्रं. ऑस्करच्या तोडीचा पुरस्कार नसेल तर सहापैकी तीन निकष कागदावर सिद्ध करायचे, आणि आपली माणसं अडकतात ती इथेच. काम भरपूर असतं, कागद नसतो. परीक्षणात "छायाचित्रण उत्तम" एवढंच छापून येतं, नाव नाही. म्हणून करार, महोत्सवाची पत्रकं, नावासह आलेली कात्रणं आजपासून जपा. मराठी कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, अनुवादकाच्या सहीच्या दाखल्यासकट. अर्जात छायाचित्रण आणि दिग्दर्शन दोन्ही कामं पहिल्यापासून लिहून घ्या. मुदत सुरुवातीला जास्तीत जास्त ३ वर्षं. जोडीदाराला मिळणाऱ्या ओ-३ व्हिसावर नोकरी करता येत नाही. घराचे हप्ते दोन पगारांवर असतील तर हे आधी बोलून घ्या.

सेटवरची विभागणीही वेगळी. दिवे गॅफरचे (प्रकाशयोजनेचा प्रमुख), पण दिव्यापुढचं कापड, फ्लॅग (प्रकाश अडवायचा पडदा), थर्मोकोल (इथे बीडबोर्ड म्हणतात) की-ग्रिपचं. भाड्याच्या कॅमेऱ्याबरोबर तो सांभाळणारा अटेंडंट येईल असं धरू नका. शिवाय वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. पुण्यात सेकंदाला २५ फ्रेम आणि १८० अंश शटरवर (शटरचा कोन म्हणजे प्रत्येक फ्रेमवर प्रकाश किती वेळ पडतो) ट्यूबलाइट शांत राहते, इथे त्याच आकड्यांवर लुकलुकते. २४ फ्रेमला १४४ अंश ठेवा. २५च हव्या असतील तर १५०. दोन्हीकडे एक्स्पोजर सेकंदाचा साठावा भाग होतो.

आता शॉर्टफिल्म. पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत घडलेले, तालमीला न कंटाळणारे नट पुण्यात आहेत, त्यांना घ्या. फिल्म इन्स्टिट्यूटच्या अविनाश अरुण यांनी 'किल्ला' या चित्रपटाचं दिग्दर्शन आणि छायाचित्रण दोन्ही पेललं, तरी माझा आग्रह आहे की पहिल्या वेळी कॅमेरा दुसऱ्याकडे द्या. टेक चालू असताना कॅमेरामनची नजर मागच्या खिडकीच्या एक्स्पोजरवर जाते आणि नट वाक्याच्या मध्येच अडखळल्याचं निसटतं. ते एडिटला दिसतं, तेव्हा लोकेशन परत मिळत नाही.