शिक्षणाची एसआयपी मोडून मुलाला टर्बो गाडी घ्यावी का?

कोल्हापूरच्या एका वाचकांचं पत्र आलंय. वय ५२, साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी, हातात पगार ७८ हजार. पत्नी घरी शिकवण्या घेतात, त्याचे महिना पंधरा हजार. गृहकर्जाचा हप्ता १४ हजार, तो अजून तीन वर्षं आहे. मुलगा बारावी झाला, पुण्यात इंजिनिअरिंगला जाणार, ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण होतील. 'मार्क चांगले पाड, गाडी घेऊन देतो,' असं वडील बोलून बसले आणि पोरानं खरंच मार्क पाडले. आता त्याला टर्बो पेट्रोल गाडी हवी आहे (इंजिनात हवा दाबून जादा ताकद काढणारी), ऑन-रोड १४.६ लाख. त्याच्या शिक्षणासाठी तो चौथीत असल्यापासून एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम, चालू आहे, फंडात ८.४ लाख जमलेत. त्यातले ८ लाख काढायचे, ६.६ लाखांचं कर्ज घ्यायचं आणि कॉलेजची फी शैक्षणिक कर्जातून भरायची, असा बेत आहे. बँकेतल्या सात लाखांच्या ठेवीला हात लावायचा नाही. प्रश्न एवढाच : 'हप्ता झेपेल का?'

नमस्कार साहेब,

हप्ता झेपेल. नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी ६.६ लाख म्हणजे महिना १३,७०० रुपये, दोघांच्या कमाईत ते बसतात. तरी माझं उत्तर 'घेऊ नका' असंच आहे. पण गाडीकडे जाण्याआधी तुमच्या पत्रातल्या एका ओळीपाशी थांबावं लागेल. तुम्ही सहज लिहून गेलात : 'तो आत्ताही आपली जुनी गाडी फिरवतो, हात बसलाय, हायवेला तर माझ्यापेक्षा सफाईदार चालवतो.'

अख्ख्या पत्रात सगळ्यात महाग पडू शकेल अशी ओळ हीच आहे. चौदा लाखांची गाडी तिच्यापुढे किरकोळ.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं १९९-अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर दोषी पालक किंवा गाडीचा मालक धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. 'मला माहीतच नव्हतं' हे सिद्ध करायची जबाबदारीही पालकाचीच. तुम्ही तर माहीत असल्याचं लिहून पाठवलंय! मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात दोन तरुण अभियंते गेले, ते प्रकरण आठवत असेल. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असा आरोप आहे. त्यात मुलापाठोपाठ घरातली मोठी माणसंही कोर्टाच्या फेऱ्यांत अडकली.

आता पैशाचं बोलू, कारण माझं काम ते. अपघातात कुणी गेलं तर भरपाई किती हे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं, आणि ते अंदाजानं ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००९ आणि २०१७ च्या निकालांत त्याची रीत घालून दिली आहे. समजा, गेलेला माणूस २८ वर्षांचा, पक्की नोकरी, महिना ६० हजार, मागे बायको, मूल आणि आई. वर्षाचे ७.२ लाख. वय चाळिशीच्या आत म्हणून पुढच्या पगारवाढीपोटी त्यात ५० टक्के मिळवायचे, म्हणजे १०.८ लाख. त्यातून त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा करायचा, उरले ७.२ लाख. या वयाला गुणक १७, म्हणजे ही रक्कम सतरा पट धरायची. झाले १ कोटी २२ लाख. तुम्ही आयुष्यभर आकडे मांडलेत, मला समजावून सांगायची गरज नाही.

'थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा) आहे ना,' असं म्हणाल. आहे, आणि मृत्यू किंवा इजेच्या भरपाईला त्यात वरची मर्यादाही नाही. पण चालवणाऱ्याकडे लायसनच नसेल तर न्यायाधिकरण बरेचदा विमा कंपनीला सांगतं, आधी तुम्ही भरा आणि मग मालकाकडून वसूल करा. मालक तुम्ही. वसुली कशातून? ज्या घराचे तीन वर्षांचे हप्ते राहिलेत, त्यातून.

तेव्हा आज संध्याकाळी गाडीची किल्ली कपाटात जाऊ द्या. अठरा पूर्ण होऊन लर्निंग लायसन हातात येईपर्यंत ती बाहेर काढायची नाही. यात चर्चेला जागा नाही, आणि यासाठी सल्लागाराची फीही लागत नाही.

आता नवी गाडी. तुमच्या बेतात एक गोष्ट नजरेआड झाली आहे. फीसाठी साठवलेला पैसा गाडीत घालून फीसाठी कर्ज काढलंत, तर कागदावर ते शैक्षणिक कर्ज दिसेल, पण खरं कर्ज गाडीचंच. म्हणजे एका गाडीवर दोन कर्जं. पहिलं तुम्ही फेडणार, दुसरं पोरगा नोकरीला लागला की त्याच्या पहिल्या पगारापासून.

शिवाय हप्ता म्हणजे गाडीचा खर्च नव्हे. महिना हजार किलोमीटर आणि लिटरला चौदाचं ॲव्हरेज धरलं (टर्बो आणि अठराचं वय एकत्र आल्यावर चौदासुद्धा मी उदारपणे धरतोय) तर पेट्रोलचे साडेसात हजार. विमा आणि सर्व्हिसिंगचे मिळून वर्षाला ५५ हजार धरा. सगळं मिळून महिन्याला २५ हजारांच्या पुढे जातं. १४.६ लाखांतले दीड लाखाच्या आसपास तर रोड टॅक्सचेच आहेत, दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला आपल्याकडे १२ टक्के. ते विकताना परत येत नाहीत. आणि गाडी उभी राहणार पुण्यात, होस्टेलच्या दारात. तिथे पार्किंग मिळालं तर मला कळवा.

फंडाचंही बघू. एकरकमी ८ लाख काढले तर त्यात नफा चार लाखांच्या वर दिसतो, तुम्ही भरलेली रक्कम ४.१ लाख आहे. इक्विटीच्या, म्हणजे शेअर फंडाच्या, दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यापुढे १२.५ टक्के. म्हणजे ३७ हजारांच्या आसपास कर विनाकारण जाईल. त्याऐवजी वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च तुम्ही तीन लाख सांगितलाय, तर पहिली दोन वर्षं ठेवीतून भागवा. फंड तिसऱ्या-चौथ्या वर्षासाठी राहू द्या, पण आतापासून दर आर्थिक वर्षात दोन-दोन लाख काढून ठेवीत टाकत चला. नफा दरवर्षी सव्वा लाखाच्या आतबाहेर राहील आणि कर जवळपास लागणार नाही. बाजार पडला तरी फीची तारीख अडणार नाही. चार वर्षांचे बारा लाख गेल्यावर साडेतीनेक लाख उरतात, त्यातले अडीच घरातल्या अडीनडीला. म्हणजे गाडीसाठी पैसे नाहीतच. दिसत होते ते फीचे होते.

उत्तर लिहिण्याआधी मी शोरूममध्ये जाऊन त्याच गाडीची ट्रायल घेऊन आलो. शेजारी शोरूमचा पोरगा, तोही विशीतलाच. उचगावच्या पुलाखालून वर हायवेला लागलो आणि पाय नुसता टेकवला. गाडी क्षणभर गप्प राहिली आणि मग पाठीमागून कुणी ढकलावं तशी सुटली. मी काट्याकडे पाहिलं तेव्हा ९५ होते, आणि आत आवाज म्हणाल तर पंख्याचा. पोरगा म्हणाला, 'सर, अजून दाबा की.' मला तीस वर्षांची सवय आहे, तरी पाय काढायला मला ठरवावं लागलं. वेग कळतच नाही, हीच या गाड्यांची खुबी आणि हाच धोका. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. मोबाइलकडे दोन सेकंद पाहिलं तर ४४ मीटर आंधळे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागून थांबायला चौपट अंतर लागतं. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ७१ टक्के अतिवेगामुळे, हा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा आहे.

'गाडी नसेल तर मोठी बाइक तरी घेऊन द्या,' असा त्याचा पुढचा डाव असल्याचं वहिनींनी पत्राखाली लिहिलंय. वहिनी, त्यालाही नाहीच म्हणा. त्याच वर्षी रस्त्यावर गेलेल्यांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे होते.

मग शब्द दिलाय त्याचं काय? शब्द गाडीचा होता, तो शिकवून पाळा. जवळच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये पंधरा-वीस दिवसांत पाच-सात हजारांत शिकवणी उरकतात. त्यात पोरगं क्लच सोडायला शिकतं, गाडी चालवायला नाही. सरकारमान्य चालक प्रशिक्षण केंद्रांचा हलक्या वाहनांचा अभ्यासक्रम २९ तासांचा आहे, आठ वर्गात आणि एकवीस प्रत्यक्ष. पुण्याला जाणारच आहे तर भोसरीच्या केंद्रात चौकशी करू दे. फी जास्त पडली तरी द्या, या सगळ्या प्रकरणात स्वस्त वस्तू तेवढीच आहे.

लर्निंगनंतर तीस दिवसांनी पक्क्या लायसनला अर्ज करता येतो, पण लर्निंगची मुदत सहा महिन्यांची असते. घाई करू नका, सहाच्या सहा महिने वापरा. सुट्टीला घरी आला की शेजारी तुम्ही बसा. पावसात, अंधारात, गणपतीच्या गर्दीत. आणि नोव्हेंबरात गाळप सुरू झालं की एका रात्री कारखान्याच्या रस्त्याला न्या. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, आणि समोरून एसटीचा झोत डोळ्यांवर. तो ट्रॅक्टर किती जवळ आल्यावर दिसतो ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी कळू दे. हे कुठल्याच स्कूलमध्ये शिकवत नाहीत, आणि तुमच्याइतका तो रस्ता कुणाला माहीत असणार?

माझे मेहुणे न्यू जर्सीत एडिसनला असतात. तिथे नव्या पोरांना आधी कच्चं लायसन मिळतं : रात्री अकरानंतर गाडी नाही, पालक सोबत नसतील तर गाडीत एकच सोबती, नंबरप्लेटवर लाल खूण. भाचा वर्षभर कुरकुरत होता. आपल्याकडे असा कायदा नाही, पण घरात करायला कुणी अडवलंय? चार मित्र कोंबून पन्हाळ्याला जायचं नाही, हे पहिल्या वर्षापुरतं लिहूनच घ्या.

जुन्या गाडीबद्दल खरं ते सांगतो. ती अकरा वर्षांची, आणि तेव्हाच्या स्वस्त मॉडेलांत एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) बरेचदा नसायचे. तुमच्यात नसतील तर गावात शिकायला ती ठीक, पण पुण्याच्या हायवेला एकट्यानं नको. तीन वर्षांनी गृहकर्ज संपेल, महिना १४ हजार सुटतील. तेव्हा घरासाठी छोटी, बिनटर्बो, सहा एअरबॅगवाली गाडी घ्या. सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आलाय. ती तुमच्याच नावावर असू दे. फक्त पॉलिसीतला मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा तुमच्यापुरताच असतो, मुलाला लागू होत नाही. त्याच्यासाठी वेगळा वैयक्तिक अपघात विमा आत्ताच काढा, त्याचा हप्ता फार नसतो.

एक शेवटचं, तुमच्याविषयी. शिकणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्याकडे चालू लायसन लागतं. जुन्या लायसनांची मुदत बहुतेकांची पन्नाशीला संपते, आणि तुम्ही ५२ चे. पाकिटातलं काढून तारीख बघा. मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. तसं निघालं तर आरटीओची तारीख दोघांची एकत्रच घ्या. आधी कोण पास होतं, ते मला कळवा.