सर्व्हिस चार्ज बंद केला, तर वेटरांचा वाटा कुठून द्यायचा?

प्रश्न : आमच्या रेस्टॉरंटमध्ये बिलावर १० टक्के सर्व्हिस चार्ज लावतो. मेनूकार्डावर तसे छापले आहे. महिन्याच्या शेवटी ती रक्कम वेटर आणि किचनमध्ये वाटतो. एका ग्राहकाने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. आता दर वाढवावेत की सगळे टिपवर सोडावे? वेटर म्हणतात, आमचा हक्क जातो.

उत्तर : मेनूकार्डावर छापले होते, हा बचाव टिकणार नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावानेही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी रेस्टॉरंट संघटनांच्या याचिका फेटाळून या सूचना कायम केल्या. संघटना अपिलात गेल्या म्हणून तुम्ही थांबू नका. ‘स्टाफ कॉन्ट्रिब्युशन’ लिहा, असे कुणी सुचवले असेल तर तो निकालाआधीच्या, न्यायालयाच्या अंतरिम (तात्पुरत्या) आदेशाच्या काळातला, आता शिळा झालेला सल्ला आहे.

तक्रारदाराला चार्ज आणि त्यावर घेतलेला जीएसटी बँकेमार्फत परत करा. बिलिंग सॉफ्टवेअरमधून ती ओळ काढा आणि नव्या बिलाचा नमुना तक्रारीच्या उत्तराला जोडा. ‘ग्राहकाने सांगितले तर काढून देतो’ असे मात्र लिहू नका. आपोआप लावणे हाच दोष आहे. तसे लिहिणे ही लेखी कबुली ठरेल.

दर वाढवायला कायद्याची आडकाठी नाही. ३०० रुपयांच्या पदार्थावर ३० रुपये चार्ज आणि ५ टक्के जीएसटी धरून ग्राहक ३४६.५० रुपये देत होता. दर ३३० केला तरी तेवढेच देईल. पार्सलवर चार्ज घेत नसाल तर पार्सलचे दरपत्रक वेगळे ठेवा, नाहीतर तेही महागेल.

गोम वाटपात आहे. वाढीव दरातले पैसे तुमचे उत्पन्न असतात. त्यातून दिलेला वाटा पगारात मोडू शकतो आणि टीडीएस (पगारातून कापायचा प्राप्तिकर), पीएफ, ईएसआय (कर्मचारी विमा) यांचा हिशेब मागे लागतो. टिपचे तसे नाही. कार्डावर आलेली टिप हॉटेलने कर्मचाऱ्यांना वाटली तरी तो पगार नव्हे, म्हणून त्यावर टीडीएस कापायची जबाबदारी मालकाची नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ठरवले. कर्मचाऱ्याच्या हातात ते उत्पन्नच राहते. पण टिप खरोखर ऐच्छिक हवी. मशीनवर १० टक्के आधीच निवडून ठेवले, की पुन्हा तोच घोळ. टिपसाठी वेगळी वही ठेवा : तारीख, बिल क्रमांक, रक्कम, घेणाऱ्याची सही. टिप धरून किमान वेतन भरून काढता येत नाही.

माझ्या मते ठरावीक वाटा दरात घ्या, टिप वेगळी राहू द्या. वाढवलेले दर शांत महिन्यातही असतात. टिपचा भरवसा नाही, आणि किचनपर्यंत ती क्वचितच पोहोचते.

वेटरांच्या हक्काचे उत्तर कागदावर अवलंबून आहे. नियुक्तिपत्रात किंवा युनियनशी झालेल्या करारात सर्व्हिस चार्जचा वाटा लिहिला असेल, तर तो सेवाशर्तीचा भाग धरला जाईल. ग्राहकाकडून चार्ज घेणे आजच थांबवा, पण तो वाटा बदलण्याआधी २१ दिवसांची लेखी नोटीस द्या आणि तोवर रक्कम स्वतःच्या खिशातून चालू ठेवा.