जालन्यात पेंटबॉल खेळायचं तर मार्करला ४८ची टाकी घ्यावी की ६८ची?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: जालन्याजवळ शेतात आठ-दहा मित्रांनी मिळून पेंटबॉल (एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायचा खेळ) खेळायचं आहे, तीन जुने मेकॅनिकल मार्कर, म्हणजे दाबाच्या हवेवर गोळी सोडणाऱ्या बंदुका, मिळालेत, विकणारा म्हणतो ६८/४५०० चीच टाकी घ्या, आणि तुम्हाला वाटतंय ४८/३००० मध्ये भागेल. कोणती घ्यावी?

भाऊ, टाकी भरणार कुठं, ते तुम्ही लिहिलंच नाही. मी वाळूजला कंप्रेसरच्या सर्व्हिसिंगचं काम करतो, हे मार्कर-बिर्कर त्यातूनच मागं लागलेलं खूळ. जिथं ग्राउंडवरच ४५०० पर्यंत भरून देणारं मशीन असतं, तिथल्या लोकांनी टाकीच्या आकारावर खुशाल वाद घालावा. आपल्याकडे आधी भरायची सोय बघायची, मग टाकी. नळालाच जोर नसेल तर गच्चीवर दोन हजार लिटरची टाकी बसवून काय करणार, पाणी वर चढतच नाही. तुमच्या ६८/४५०० चं जालन्यात नेमकं हेच होणार आहे.

आकडे असे वाचायचे. पहिला आकडा म्हणजे टाकीच्या पोटातली जागा, घनइंचात. ४८ म्हणजे साधारण ७९० मिलिलिटर, ६८ म्हणजे ११०० च्या थोडं वर, आणि ती छोटी १३ची येते ती जेमतेम २१३ मिलिलिटर. दुसरा आकडा म्हणजे जास्तीत जास्त किती पीएसआयपर्यंत भरायची परवानगी आहे (पीएसआय आणि बार, दोन्ही प्रेशरची मापं). ३००० म्हणजे २०७ बार, ४५०० म्हणजे ३१० बार. ३०००ची टाकी बहुधा नुसत्या अ‍ॅल्युमिनियमची असते, ४५००ची अ‍ॅल्युमिनियमवर कार्बन फायबर गुंडाळलेली. खेळाडूंचा ठोकताळा असा की दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून ३०० ने भागायचं. ४८/३००० मधून ४८० गोळ्या, ६८/४५०० मधून हजारभर, १३/३००० मधून १३०. जुना ब्लोबॅक मार्कर, म्हणजे गोळी सोडतानाच हवेच्या धक्क्यानं आतला बोल्ट मागं ढकलणारा, हवा जास्त खातो, तिथं यातून थोडं कमीच धरा.

पण हा हिशेब टाकी काठोकाठ भरली तरच खरा. शिवाय टाकीतली सगळी हवा कधीच वापरता येत नाही. तिच्या तोंडावरचा रेग्युलेटर मार्करला साधारण ८०० ते ८५० पीएसआय देतो. टाकीतलं प्रेशर त्याच्याखाली घसरलं की गोळी लांब न जाता पुढ्यातच पडायला लागते, आणि काट्यावर अजून ७०० दिसत असतात. म्हणजे तळातले ८५० सोडूनच हिशेब करायचा. ३०००च्या टाकीतले २१५० कामाचे, ४५००च्या टाकीतले ३६५०.

आता जालन्यात भरायची सोय काय काय आहे ते बघू.

पंक्चरवाल्याचा कंप्रेसर आठ-दहा बार देतो. तो विषय संपला. पेट्रोल पंपावर टायरमध्ये नायट्रोजन भरतात, त्याचंही तेच. नाव नायट्रोजन असलं तरी प्रेशर टायरपुरतंच. आपल्याकडे समुद्र नाही, त्यामुळे स्कूबाची दुकानं नाहीत. एअरगनसाठी मिळणारा हातपंप २०० बारपर्यंत जातो हे खरं, पण ४८ची टाकी पूर्ण भरायला बाहेरची १६० लिटरच्या वर हवा तिच्यात कोंबावी लागते. शेवटच्या पन्नास बारला अंगाचं सगळं वजन दांड्यावर टाकावं लागतं. १३ची टाकी त्यानं भरता येते, ४८ची भरणारा माणूस खेळायला उरत नाही. गाडीच्या बॅटरीवर चालणारे छोटे कंप्रेसर ३०० बारचे म्हणून विकतात, तेही मुळात एअरगनच्या पाव-अर्ध्या लिटरच्या नळकांड्यांसाठी असतात. एप्रिल-मेच्या उन्हात त्यांना सलग पळवलं तर आतली सीलं जातात.

मग खरे पर्याय दोन उरतात. एक, कारखान्यांचे बीए सेट भरून देणारे, म्हणजे धुरात शिरताना पाठीवर घेतात त्या श्वसनाच्या टाक्या. त्यांचे कंप्रेसर ३०० बारपर्यंत भरतात आणि हवा गाळलेली, कोरडी असते. असं काम तुमच्यापासून साठ किलोमीटरवर संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यात विचारून बघा, पण प्रत्येक वेळी तिथं येणार का, हे तुमचं तुम्ही ठरवा. अग्निशमन दलाच्या दारात मात्र जाऊ नका, त्यांची यंत्रणा या कामाला नाही.

दुसरा पर्याय गॅस एजन्सीकडचा नायट्रोजन. जालना स्टीलचं गाव, गॅसची सिलिंडरं तिथं नवीन नाहीत. ४७ लिटरचं उंच सिलिंडर घ्यायचं, भरलेलं असताना साधारण १५० बार, म्हणजे २२०० पीएसआय. मार्करला हवा असो की नायट्रोजन, काही फरक पडत नाही, उलट नायट्रोजन कोरडा असतो. फक्त बंद खोलीत सोडायचा नाही, माणूस गुदमरतो आणि वासही येत नाही.

तर २२०० पीएसआयवर हिशेब करा. तळातले ८५० वजा जाता १३५० उरले. ४८च्या टाकीतून तीनशेच्या आसपास गोळ्या निघतील, ६८च्या टाकीतून सव्वाचारशे. हजार नाही. ४५०० साठी मोजलेल्या पैशातला अर्ध्याहून जास्त जोर तुमच्या शेतात कधी भरलाच जाणार नाही. फायदा मिळतो तो फक्त वाढीव जागेचा.

आणि मोठं सिलिंडरही दर भरणीला उतरतं, ही गोष्ट विकणारा कधी सांगत नाही. साठ बार शिल्लक असलेली ४८ची टाकी लावली की मोठ्या सिलिंडरमधले साधारण दीड बार जातात, ६८ची लावली तर दोन. ४८च्या दहा भरण्या झाल्या की १३६ बारच्या आसपास येता, वीस झाल्या की १२४-१२५. तेव्हा तीच ४८ची टाकी दोनशे गोळ्यांवर आलेली असते. म्हणून सिलिंडरं दोन घ्या आणि भरताना क्रम पाळा: आधी जे उतरलेलं आहे त्यावरून भरायची, काटा थांबला की ते बंद करून वरची थोडी तहान ताज्या सिलिंडरवर भागवायची. ताजं सिलिंडर खूप पुरतं. सगळे लोक नेमकं उलट करतात, आधी भरलेल्या सिलिंडरकडे धावतात.

एजन्सीत कुणी म्हणेल, नायट्रोजन संपलाय, ऑक्सिजन घेऊन जा, गॅस तो गॅसच. कटिंगला लागतो म्हणून ऑक्सिजन हाताशी असतो. घेऊ नका, फुकट दिला तरी नको. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण दाबाखाली तेल, ग्रीस, रबर यांना भडकवतो, आणि मार्करमध्ये आपण ओ-रिंगला तेल देतच असतो. हीच सवय म्हणून सांगतो, साध्या हवेची टाकी भरतानासुद्धा भरायच्या निपलला तेलाचा हात लावायचा नाही.

ते जुने मार्कर कार्बन डायऑक्साइडवरही चालतात, तो स्वस्त आहे, असं तुम्हाला कुणी सांगेलच. १९८१ साली अमेरिकेत न्यू हॅम्पशरमध्ये पहिला खेळ झाला तो झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करायच्या पिस्तुलांनी, आणि त्यात १२ ग्रॅमच्या कार्बन डायऑक्साइडच्या कुप्याच होत्या. पण तो गॅस टाकीत द्रवरूपात असतो, आणि त्याचं प्रेशर हवामान ठरवतं. डिसेंबरातल्या पहाटे १० अंशाला ४५ बार, २० अंशाला ५७, ३० अंशाला ७२. ३१ अंशाच्या वर तो द्रव राहतच नाही, मग टाकी किती भरलीय त्यावर प्रेशर कुठंही चढतं. जालन्यात उन्हाळ्यातली दुपार ३१ अंशाच्या खाली असते का कधी? एका खेळात गोळी सेकंदाला ८० मीटरनं, दुसऱ्यात शंभरनं सुटली तर समोरच्याच्या अंगावर त्याची खूण राहते. साधारण ३०० फूट प्रति सेकंद, म्हणजे ९१ मीटर, ही ग्राउंडवरची कमाल मर्यादा, बरीच ग्राउंडं २८० वरच थांबवतात. हवेच्या टाकीत रेग्युलेटर असल्यामुळे हा वेग दिवसभर जवळपास एकसारखा राहतो. मला विचाराल तर मराठवाड्यात हवा किंवा नायट्रोजन हेच.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नायट्रोजनवरच खेळणार असाल तर ४८/३००० घ्या, आणि तीन मार्करना तीन नाही, चार घ्या. एक भरत असते तेव्हा तीन मैदानात. मेकॅनिकल मार्करच्या हॉपरमध्ये, म्हणजे वरच्या गोळ्यांच्या डब्यात, २०० गोळ्या बसतात, नवखा माणूस एका डावात तेवढ्या उडवत नाही. तीनशे गोळ्या देणारी टाकी त्याला एक डाव आरामात पुरते. पुढं बीए सेटवाल्याशी जमलं आणि हवा ३०० बारची मिळायला लागली, तर तेव्हा एखादी ६८/४५०० जोडा. तीच हजाराच्या आसपास गोळ्या देईल आणि पैसे वसूल होतील. पण एक लक्षात ठेवा, त्या ३०० बारच्या मशीनवर ३०००ची टाकी लावली तर काटा २०७ला थांबवायचं काम तुमचं. मशीन थांबणार नाही. टाकीवर बर्स्ट डिस्क, म्हणजे प्रेशर फार वाढलं की फुटून हवा सोडणारी चकती, असते, ३०००च्या टाकीला बहुधा ५००० पीएसआयला फुटणारी, पण तिच्या भरवशावर भरायचं नसतं.

वजनाचं म्हणाल तर ४८ अ‍ॅल्युमिनियम आणि ६८ कार्बन जवळपास सारख्याच भरतात, कार्बनची कधी थोडी हलकीच. जाडीचा फरक जाणवतो. टाकी मार्करच्या मागं खांद्याला टेकते, त्यामुळे बुटक्या माणसाला किंवा दहावी-अकरावीच्या पोरांना ६८ लावल्यावर मास्क घालून नीट नेम धरता येत नाही. मास्क उतरवून नेम धरण्याचा मोह तिथंच होतो, आणि मैदानात मास्क उतरवायचा नसतो. १३ची टाकी दर गोळीला हातानं पंप मारायच्या मार्करवर छान, तुमच्या मार्करवर ती हॉपर रिकामा व्हायच्या आत संपेल.

घेताना रेग्युलेटरचं आउटपुट विचारा. काही टाक्या ४५०-५०० पीएसआय देणाऱ्या असतात, इलेक्ट्रॉनिक मार्करसाठी. तुमचा जुना ब्लोबॅक त्यावर नीट चालणार नाही आणि तुम्ही मार्करलाच शिव्या घालत बसाल.

जुनी टाकी असेल तर गळ्याजवळचा शिक्का वाचा. अमेरिकन डॉट (तिथलं वाहतूक खातं) शिक्क्याच्या टाक्यांना दर पाच वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, लागते, कार्बनच्या टाकीचं आयुष्य तिथं साधारण १५ वर्षं धरतात. कार्बनचे धागे कापलेले दिसले तर चकचकीत असली तरी नको. टाकी काढताना ती रेग्युलेटरसकट मार्करमधून फिरवून सोडवा. रेग्युलेटरच टाकीतून सुटतोय असं वाटलं तर लगेच थांबा. असा वाल्व सुटून टाकी उडाल्यानं माणसं मेलेली आहेत.

भारतात हे सगळं २०१६च्या गॅस सिलिंडर नियमांखाली येतं, देखरेख नागपूरच्या पेसोची, म्हणजे केंद्र सरकारच्या स्फोटकं-सुरक्षा खात्याची. ५०० मिलिलिटरपेक्षा मोठं भांडं त्या नियमांत सिलिंडर ठरतं, म्हणजे ४८ आणि ६८ दोन्ही. परदेशी साइटवरून परस्पर मागवायच्या आधी त्याची आयात-मंजुरी विचारा. इथल्या विक्रेत्याकडून घेताना पेसोची मंजुरी दाखवायला सांगा. टाळाटाळ करत असेल तर दुसरा विक्रेता बघा.

भरताना घाई नको. झटकन भरली की गॅस तापतो, काटा २२०० दाखवतो आणि निवल्यावर १९०० वर येतो. मिनिटभर तरी घ्या, सावलीत भरा, भरलेली टाकी बंद गाडीत ठेवू नका. होज आणि फिल स्टेशन (सिलिंडरवरून टाकी भरायची जोडणी) तयारच घ्या, प्रेशर सोडायच्या वाल्वसकट. गल्लीतल्या वेल्डरकडून जोडून घ्यायची ही वस्तू नव्हे. तुमच्या टाकीच्या शिक्क्याचा आणि रेग्युलेटरचा फोटो टाका, तारीख आणि आउटपुट बघून सांगतो.