सेकंद मोजा, मग निवेदन द्या

प्रश्न : ताई, आम्ही नागपुरात मानेवाड्याकडे राहतो. मुलगी सातवीत आहे. शाळा दीड किलोमीटरवर, पण मध्ये रिंग रोड. मागच्या महिन्यात ती सायकल हातात धरून डिव्हायडरच्या फटीत उभी होती, तेवढ्यात बाजूनं गेलेल्या गाडीचा आरसा तिच्या हँडलला लागला. ती पडली, गुडघा फुटला, त्यावरच निभावलं. तेव्हापासून तिच्या बाबांनी सायकलला कुलूप लावलं आहे आणि ते स्वतः तिला स्कूटीवर सोडतात. गाड्या इतक्या जोरात जाऊन राहिल्या की मलाही तिला पाठवायची हिंमत होत नाही. कॉलनीतल्या ऐंशी जणांच्या सह्या घेऊन मी गतिरोधकासाठी निवेदन दिलं. दोनदा दिलं. पोच मिळाली, पुढे काही नाही. आता काय करू?

उत्तर : मुलीवरचं गुडघ्यावर निभावलं हे वाचून जीव भांड्यात पडला. तिच्या बाबांवर रागावू नका. मी बत्तीस वर्षं रस्त्यांच्या आखणीचं काम केलं, आजही भाजी आणायला सायकलनंच जाते; पण तुमच्या जागी असते तर मीही दुसऱ्या दिवशी तिला त्या फटीत उभं केलं नसतं. फक्त सायकल कुलपात ठेवू नका. संध्याकाळी आतल्या गल्ल्यांतून तिला चालवू द्या, सोबत कोणी तरी राहा. या वयात एकदा सवय मोडली की पोरी परत सायकलवर बसत नाहीत, हे मी माझ्याच घरात पाहिलं आहे.

आता निवेदनाचं. टेबलाच्या पलीकडे बसून मी अशी शेकडो निवेदनं वाचली आहेत. ‘गतिरोधक द्यावा ही विनंती, सोबत सह्या.’ वाचणारा अभियंता काय करतो? मोठ्या रस्त्यावर गतिरोधक देता येत नाही, असा शेरा मारून कागद फाईलला लावतो. तो शेरा चूकही नसतो. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच असतो, गाडीनं ताशी २५ च्या वेगानं त्यावरून जावं म्हणून. रिंग रोडवर ट्रक त्या वेगाला अचानक आणणं धोक्याचं. आणि कोणी रातोरात सिमेंटचा उंचवटा ओतून दिला, तर त्यावर पहिला पडतो तो दुचाकीवाला. तुमची अडचण शंभर टक्के खरी आहे. अर्जात तीच लिहा, आणि आकड्यांत लिहा.

त्यासाठी शाळा भरायच्या आधीचा पाऊण तास हवा, सलग तीन दिवस. दोन बाया, एक टेप, एक घड्याळ, एक वही. टेपनं फक्त कडेपासून डिव्हायडरपर्यंतचं अंतर आणि डिव्हायडरच्या फटीची ओलांडायच्या दिशेनं रुंदी घ्या, आणि तेही रविवारी पहाटे रस्ता रिकामा असताना. बाकी सगळं फुटपाथवर उभं राहून होतं. पायी किती मुलं ओलांडतात, सायकली किती, म्हातारी माणसं किती, आणि प्रत्येकाला किती सेकंद थांबावं लागतं.

हे थांबणं कोणी मोजतच नाही. काही वर्षांपूर्वी मी एका चौकाजवळ अशी मोजणी करत होते. मे महिन्यातली सकाळ, साडेनऊलाच डांबर तापलेलं. एक आजी हातात दुधाची पिशवी घेऊन कडेला आल्या. पाऊल टाकायच्या, मागे घ्यायच्या. पिशवी या हातातून त्या हातात. दोनदा पदरानं तोंड पुसलं. मी घड्याळ बघत होते, तीन मिनिटं चाळीस सेकंद झाले होते. शेवटी एका रिक्षावाल्या भाऊनं रिक्षा आडवी घालून मागची गर्दी थांबवली, तेव्हा त्या गेल्या. माझ्या वहीत त्या दिवशी वाहनांचे आकडे चार पानं भरून होते. त्या आजींसाठी छापील तक्त्यात रकानाच नव्हता, म्हणून मी समासात लिहिलं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक तक्त्यात तो रकाना पहिला असतो.

आता हिशेब. समजा एका बाजूचा रस्ता ९ मीटर भरला. रस्त्याच्या आखणीत माणसाची चाल सेकंदाला साधारण १.२ मीटर धरतात, म्हणजे साडेसात सेकंद. दप्तरासह सायकल ढकलणारं मूल किंवा गुडघे दुखणारी आजी सेकंदाला पाऊण-एक मीटरच चालते. तिला अकरा सेकंद धरा. ताशी ५० च्या वेगानं येणारी गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर कापते. म्हणजे दीडशे मीटरपर्यंत रस्ता मोकळा दिसला तरच त्या आजी सुखरूप पलीकडे जाणार. गाडी ताशी ३० नं आली तर नव्वद मीटर पुरतात. अर्जात हा हिशेब तुमच्या मापांनी मांडा. ‘वाहने भरधाव जातात’ या वाक्यावर साहेब काही लिहू शकत नाहीत. ‘सकाळच्या पाऊण तासात इतकी मुलं, सरासरी थांबणं इतके सेकंद, डिव्हायडरच्या फटीची रुंदी इतकी’ यावर त्यांना काही तरी लिहावंच लागतं.

फटीची रुंदी मुद्दाम म्हटलं. सायकलची लांबी पावणेदोन मीटरच्या आसपास असते. फट त्याहून अरुंद असेल तर पुढचं किंवा मागचं चाक रस्त्यात राहणारच. तुमच्या मुलीच्या हँडलला आरसा लागला तो यामुळेच, असं मला वाटतं. म्हणून मागणी ही ठेवा : सायकलसह उभं राहता येईल एवढी मोकळी जागा दुभाजकात, तिथे दिवा, अलीकडे-पलीकडे झेब्रा पट्टे आणि चालणाऱ्यांसाठी सिग्नल. आणि ती फट जाळी लावून बंद करायला निघाले तर ठामपणे नाही म्हणा. अर्धा किलोमीटर वळसा घालायला लावला की मुलं जाळीवरून उड्या मारतात.

अर्ज कुठे द्यायचा? नागपुरात रस्ते वेगवेगळ्यांच्या ताब्यात आहेत : महापालिका, शहराच्या विकासाचं काम पाहणारं सुधार प्रन्यास, सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग. चुकीच्या टेबलावरचा कागद वर्षभर तिथेच पडून राहू शकतो. माहिती अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कासह एवढंच विचारा : हा तुकडा कोणाच्या ताब्यात आहे, आणि त्याची सुरक्षा तपासणी झाली असेल तर अहवालाची प्रत द्या. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं, आणि अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनीच पाच दिवसांत तो योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. सिग्नल आणि पार्किंग म्हटलं की वाहतूक पोलीस आले, म्हणून मोजणीची एक प्रत त्यांना द्या.

सोबत अजून एक फोटो जोडा. सिमेंट रस्ता झाल्यावर कडेला सिमेंट आणि पेव्हर ब्लॉक यांच्यामध्ये बोटभर-दोन बोटं फट राहते, कुठे वीतभर खाली उतार. सायकलचं चाक त्यात बरोबर बसतं आणि सायकलस्वार गाड्यांच्या बाजूला फेकला जातो. फटीत पट्टी उभी धरून फोटो काढा, सेंटिमीटर वाचता आले पाहिजेत. ही फट भरायला नवं टेंडर लागू नये, ते देखभालीचं काम आहे.

कॉलनीत कोणी म्हणेल, आधी फुटपाथवरच्या भाजीवालीला उठवा. त्या वादात पडू नका. तिला २०१४ च्या फेरीवाला कायद्याचं संरक्षण आहे, आणि मी मोजलेल्या बहुतेक फुटपाथांवर खरी जागा अडवली होती ती उभ्या कारनी आणि दुकानांच्या उतारांनी. संध्याकाळी ती बसलेली असते म्हणून तर बायका त्या रस्त्यानं निर्धास्त चालतात. तिचीही सही घ्या. दिवसभर तो रस्ता तिच्याइतका कोणी पाहत नाही.

शेवटच्या परिच्छेदात दोन गोष्टी लिहा. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. हे केंद्र सरकारचेच आकडे आहेत. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मोकळा, चालण्याजोगा फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मोजणी शाळा सुरू असतानाच करून टाका. उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या विदर्भात थेट जूनअखेरीलाच शाळा उघडतात.

प्रश्न : मी नागपूरच्या महाल भागात राहतो, वय ७४. घरासमोरचा फुटपाथ इतका उंच आहे की मला चढता येत नाही, म्हणून रस्त्यावरूनच चालतो. पोरं ओरडतात. चूक माझी का?

उत्तर : नाही काका, चूक फुटपाथची आहे. त्याची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि वस्तीत किमान १.८ मीटर रुंदी मोकळी असावी, असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मार्गदर्शन आहे. घरासमोर आणि कोपऱ्यावर उतार मागा. नातवाच्या कंपासमधली पट्टी त्याच्याच हातानं फुटपाथला उभी लावा. तुम्ही वाकू नका. किती सेंटिमीटर भरले ते मला कळवा; अर्जाचा मसुदा मी लिहून पाठवते.